अनुज्ञप्ती, नूतनीकरण आणि साहाय्य : संगणकीय करारभाषेची एक चिकित्सा

१

आपल्या प्रताधिकार अधिनियमाने (१९५७) 'वाङ्मयीन कृती' या संज्ञेची व्याप्ती ठरविताना १९८४ च्या सुधारणेने तीत संगणकाच्या आज्ञावलीचाही समावेश केला. ज्यास व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात, ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने कादंबरी, नाटक वा कोश यांच्याच पंक्तीला बसली. मराठीच्या अभ्यासकांनी या पंक्तिलाभाची फारशी दखल घेतलेली दिसत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचणे हे आपले काम नव्हे. परंतु या कृतीबरोबर दुसरा एक मजकूर नेहमी येतो, आणि तो मात्र निखळ गद्य असतो. वापराच्या परवानगीचा करार, मुदत संपत आल्याची सूचना, अडचण कळविल्यावर आलेले उत्तर, हे ते गद्य होय. दुकानदार, गिरणीमालक, पतसंस्थेचे लेखनिक, सहकारी सोसायटीचे गटसचिव असे असंख्य लोक या गद्याला रोज संमती देतात. ते वाचून संमती देणारे थोडे.

प्रस्तुत लेखात या गद्यातील तीन शब्दांची चिकित्सा करावयाची आहे : अनुज्ञप्ती (अथवा परवाना), नूतनीकरण आणि साहाय्य. तिन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत. तथापि संगणकीय करारात ते ज्या अर्थाने येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात जो अर्थ आधीच वसती करून असतो, त्या दोहोंत अंतर आहे. हे अंतर कोशातील एका नोंदीने भरून निघणारे नाही, आणि त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले ते एका प्रसंगाने. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा हे गाव आहे. वऱ्हाडी बोलीतील क्रियापदरूपे टिपून घेण्यासाठी तेथे जाणे झाले होते. दिवस जूनचे. पहिला पाऊस होऊन गेलेला, आणि एका कृषी सेवा केंद्रासमोर बियाण्यांसाठी शेतकऱ्यांची गर्दी. बोलीच्या अभ्यासकाला अशी जागा सोडवत नाही. दुकानाच्या हिशेबनिसाने आदल्याच दिवशी जुना संगणक बदलून नवा आणला होता आणि हिशेबाची आज्ञावली त्यावर चढविली होती. ती उघडे, दोन बिले करी, आणि मिटून जाई. शेतकरी पक्क्या पावतीवाचून हलावयास तयार नव्हते. कारण बियाणे उगवले नाही तर तक्रारीला आधार त्या पावतीचाच असतो.

हिशेबनिसाने साहाय्य-केंद्राला दूरध्वनी लावला आणि सांगितले, "प्रोग्राम बंद होऊन राहिला." पलीकडचा आवाज पुण्याकडील असावा. त्याने उत्तर दिले, "बंद राहिला असेल तर पुन्हा सुरू करून बघा." हिशेबनिसाने सुरू केला, तो पुन्हा मिटला. तेच वाक्य पुन्हा गेले आणि तेच उत्तर पुन्हा आले. बोलीच्या अभ्यासकाला यातील घोटाळा तत्काळ कळावा, आणि इतर कोणालाही तो कळू नये, अशी ही स्थिती होती. वऱ्हाडीत 'होऊन राहिला' हे रूप चालू क्रियेचे आहे. प्रमाण मराठीतील 'होतो आहे' याचे काम ते करते. प्रमाण मराठी बोलणाऱ्याच्या कानाला मात्र तेच रूप 'होऊन तसाच राहिला' असे परिणामवाचक वाटते. एकाने सांगितले की प्रोग्राम वारंवार मिटतो आहे. दुसऱ्याने ऐकले की तो मिटून पडला आहे. यंत्राच्या रोगनिदानात हे दोन भिन्न रोग आहेत.

पाऊण तासाने खरे कारण निघाले. आज्ञावलीची अनुज्ञप्ती एकाच यंत्रापुरती होती आणि ती अद्याप जुन्या यंत्राशी बांधलेली होती. पलीकडून सूचना आली, "सर, जुन्या मशीनवरून लायसन्स सरेंडर करावं लागेल." हिशेबनिसाचा चेहरा बदलला. "पैसे मोजून घेतलं, मंग सरेंडर काहून करू?" असे म्हणून त्याने दूरध्वनी ठेवला. त्या दिवशी बिले हातानेच लिहिली गेली.

या प्रसंगात कोणी अप्रामाणिक नव्हते, कोणी अडाणीही नव्हते. साहाय्य देणाऱ्याची सूचना तंत्रदृष्ट्या अचूक होती आणि हिशेबनिसाचा प्रश्न भाषादृष्ट्या अचूक होता. दोष त्या दोघांमधील शब्दांत होता. म्हणून त्या शब्दांकडेच वळू.

३

प्रथम अनुज्ञप्ती. 'परवाना' हा शब्द फारसीतून मराठीत आला, आणि 'परवानगी' त्याच्याच कुळातील. 'अनुज्ञप्ती' हा संस्कृत घडणीचा. 'अनुज्ञा' या शब्दाच्या प्रयोजक रूपावरून तो सिद्ध होतो. फारसी राज्यव्यवहाराला संस्कृत पर्याय देण्याचा उद्योग शिवकालीन राज्यव्यवहारकोशाइतका जुना आहे. भाषा संचालनालयाच्या स्थापनेनंतर (१९६०) आणि राजभाषा अधिनियमानंतर (१९६४) शासकीय मराठीने तो पुढे चालविला. परिवहन खात्याच्या मराठीत वाहन चालविण्याची ती 'अनुज्ञप्ती' आणि वाहतुकीचा तो 'परवाना', असा भेद केला जातो. लोक मात्र दोहोंनाही परवाना म्हणतात अथवा सरळ लायसन म्हणतात.

महत्त्वाची गोष्ट ही की, या तिन्ही शब्दांमागे एकच चित्र आहे. परवाना देते ते सरकार. पिंपळगावच्या त्या दुकानाच्या भिंतीवर बियाणे आणि कीटकनाशके विकण्याचे परवाने चौकटीत लावलेले होते. त्यांचा अर्थ दुकानदाराला पुरता ठाऊक असतो : व्यवसाय करण्याची अनुमती, जी गैरवर्तन केल्यास निलंबित वा रद्द होते. अशा माणसाला 'तुमचे लायसन्स वैध नाही' असे पडद्यावर दिसले, तर त्याला आपण काही गुन्हा केला असे वाटते. आणि 'लायसन्स सरेंडर करा' असे सांगितले, तर आपला हक्क काढून घेतला जात आहे असे वाटते. कारण परवाना परत करणे म्हणजे धंदा सोडणे, हाच त्याचा अनुभव आहे.

आज्ञावलीची अनुज्ञप्ती या जातीची नव्हे. ती राज्यसत्तेने प्रजेला दिलेली अनुमती नसून एका खाजगी मालकाने दुसऱ्या खाजगी माणसाला दिलेला वापराचा हक्क आहे. आपल्या जुन्या व्यवहारात याला जवळचे शब्द आहेत : खंडाने दिलेली जमीन, भाडेपट्ट्याने दिलेले घर. वहिवाट तुमची, मालकी त्याची. मराठी शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जे त्याला समजते त्या शब्दांपासून करारभाषा दूर गेली आणि जे त्याला भलतेच समजते त्या शब्दावर येऊन बसली. 'सरेंडर' ऐवजी 'जुन्या यंत्रावरून सोडवून नव्यावर बांधून घ्या' असे सांगितले असते, तर हिशेबनीस क्षणभरही अडखळला नसता.

येथे कोणी म्हणेल की, खंडाची उपमाही पूर्ण जुळत नाही; कारण ग्राहक एकदाच पैसे मोजतो, पावतीवर विक्री लिहिलेली असते, मग ही विक्री का नव्हे? आक्षेप रास्त आहे, आणि कायद्यालाही तो पडलेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे ठरविले की, तयार स्वरूपात विकली जाणारी आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' आहे. पुढे २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर या खटल्यात त्याच न्यायालयाने विवेचन केले की, अशा करारातून प्रताधिकाराचा कोणताही अंश ग्राहकाकडे जात नाही, म्हणून परदेशी निर्मात्याला दिलेली ती रक्कम 'स्वामित्वशुल्क' ठरत नाही. दोन्ही निर्णयांतील तत्त्व विसंगत नाही : प्रत विकली जाते, कृती विकली जात नाही. ग्रंथविक्रीत आपण हेच मानतो. पुस्तक आपले, पण ते पुन्हा छापण्याचा हक्क आपला नव्हे. मात्र पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवण्यास प्रकाशकाची संमती लागत नाही. आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्यास ती लागते. नेमका हा फरक करारात ठसठशीत सांगितला जावयास हवा होता, आणि तोच तेथे सर्वांत अंधुक असतो.

भारतीय करार अधिनियमाचे (१८७२) तेरावे कलम संमतीची व्याख्या करते. तिचा आशय असा की, एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली गेली तरच ती संमती. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला याहून अधिक काटेकोर व्याख्या सुचविता येणार नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या सुधारणेने घातलेल्या १०-क या कलमामुळे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणास्तव निष्फळ ठरत नाही. म्हणजे 'मला मान्य आहे' या खुणेवर केलेला स्पर्श हे एक पूर्ण वाक्कर्म आहे. पण ज्याला ते मान्य झाले त्या मजकुराची भाषा बहुधा इंग्रजी असते. टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीत पडद्यावरील शब्द मराठीत दिसण्याची सोय २००६ पासून आहे. म्हणजे जमा आणि नावे, खतावणी आणि ताळेबंद यांना मराठी मिळाली. कराराला मराठी मिळण्याची उदाहरणे मात्र विरळा.

४

दुसरा शब्द नूतनीकरण. शब्दाची घडण 'नवे करणे' अशी आहे, आणि परवान्याचे नूतनीकरण न केल्यास परवाना संपतो, हा सर्वसाधारण समज आहे. आज्ञावलीच्या व्यवहारात हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एका प्रकारात वापराचा हक्क कायमचा असतो, आणि दरवर्षी पैसे भरावयाचे ते सुधारित आवृत्ती व साहाय्य यांसाठी. दुसऱ्या प्रकारात हक्कच मुदतीचा असतो. मुदत संपली की दार बंद. पहिल्या प्रकारातील ग्राहकाने पैसे भरले नाहीत तरी त्याची वही त्याच्यासमोर उघडते. दुसऱ्यातील ग्राहकाला स्वतःचा जुना हिशेब पाहण्याचीही पंचाईत पडू शकते. ज्याला 'नूतनीकरण करा' एवढीच सूचना येते, त्याने आपण कोणत्या प्रकारात आहोत हे कसे ओळखावे?

शिवाय 'कायमचा' या विशेषणाचीही परीक्षा केली पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत बिनबोभाट चालणाऱ्या हिशेबाच्या आज्ञावल्या त्या कामापुरत्या जुन्या झाल्या. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी हिशेब-आज्ञावली वापरणे बंधनकारक झाले की, जी प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवते. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक बीजक सक्तीचे झाले. कायदा बदलला की सुधारित आवृत्ती घ्यावी लागते, आणि ती घ्यावयाची तर वार्षिक रक्कम भरलेली असावी लागते. याचा अर्थ असा की, करारात हक्क कायमचा असला तरी त्या हक्काची उपयुक्तता मुदतीची असते. निर्मात्याने यात काही लबाडी केली असे नव्हे. सुधारणेला श्रम लागतात आणि श्रमाला मोल असते. परंतु 'ऐच्छिक' असे म्हटलेली गोष्ट व्यवहारात अनिवार्य होत असेल, तर त्या विशेषणाचा प्रामाणिकपणा तपासणे हे समीक्षेचे काम आहे.

५

तिसरा शब्द साहाय्य. मराठीत साहाय्य करणारा उपकार करीत असतो; संकटात धावून येतो. ज्याचे पैसे आधीच घेतले आहेत अशा कामाला हा शब्द लावला की, घेणारा आपोआप याचक होतो. वास्तविक हा व्यवहार आपल्या गावगाड्याला अपरिचित नव्हता. सुताराने वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त ठेवावी आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यावा, ही बलुत्याची रीत त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या ग्रंथात (१९१५) सविस्तर वर्णिली आहे. बलुतेपद्धती जातीवर उभी होती. तिच्यातील विषमता आणि अपमान दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनाने (१९७८) मराठी वाचकापुढे उघडा ठेवला. तिचे समर्थन येथे मुळीच अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाची ती एवढीच गोष्ट की, अवजाराची विक्री वेगळी आणि ते वर्षभर चालते ठेवण्याचा करार वेगळा, आणि दुसऱ्याचा मोबदला ठरलेला असल्याने मागणारा तो हक्काने मागतो, ही कल्पना मराठी मनाला परकी नाही.

हे वेगळेपण आजही स्पष्ट दाखविणारे उदाहरण मुंबईतच आहे. फ्रापे या संस्थेची 'ईआरपीनेक्स्ट' ही व्यवसाय-व्यवस्थापनाची आज्ञावली मुक्त अनुज्ञप्तीखाली प्रसिद्ध केलेली आहे. ती कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. अनुज्ञप्तीला मोल नाही. ज्याला ती सांभाळून हवी असेल त्याने सेवेचे पैसे द्यावेत. येथे परवाना आणि साहाय्य हे दोन व्यवहार जसे आहेत तसे दोन दिसतात. अर्थात मुक्त अनुज्ञप्तीमुळे सर्व प्रश्न सुटतात असे नाही. ज्याला दुरुस्ती करता येत नाही त्याला दुरुस्तीचे स्वातंत्र्य सेवकावाचून निरुपयोगी असते. पण तेथे निदान शब्द वस्तूला झाकत नाहीत.

साहाय्याच्या पत्रव्यवहाराची भाषा पाहिली म्हणजे आणखी दोन दोष दिसतात. पहिला दोष 'तक्रार' या शब्दाचा. इंग्रजीतील 'तिकीट' मराठीत प्रवासाचे होते, म्हणून बहुतेक ठिकाणी 'तक्रार नोंदवा' असे लिहिले जाते. विचारणारा मात्र पुष्कळदा तक्रार करीत नसतो. त्याला शंका असते. ज्या गटसचिवाला वरिष्ठांशी रोज काम पडते, तो शंका निःसंकोच विचारील, पण तक्रार नोंदविताना दहादा विचार करील. शब्दाने प्रश्नकर्त्याला फिर्यादी बनविले, आणि फिर्यादी होण्याची ज्याची इच्छा नाही तो गप्प राहिला.

दुसरा दोष व्याकरणाचा. 'आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे', 'तिचे निराकरण करण्यात येईल', 'तक्रार बंद करण्यात आली आहे', ही वाक्ये सर्वांच्या परिचयाची आहेत. '-ण्यात येणे' या प्रयोगात कर्ता लुप्त असतो. कोण नोंदविणार, कोण निराकरण करणार, केव्हापर्यंत? वाक्य शुद्ध आहे, पण त्यात माणूस नाही. ग्राहकाची कर्तव्ये सांगताना मात्र तीच भाषा थेट द्वितीय पुरुषी होते : 'आपण प्रत करणार नाही', 'आपण हस्तांतर करणार नाही'. ज्या मजकुरात एका पक्षाला कर्ता आहे आणि दुसऱ्याला नाही, त्या मजकुरातील विषमता वेगळी सिद्ध करावी लागत नाही. आणि 'तक्रार बंद झाली' म्हणजे 'अडचण सुटली' असे नव्हे, हे तर शेवटी प्रत्येक ग्राहक अनुभवाने शिकतोच.

६

हा प्रश्न आता एका दुकानापुरता उरलेला नाही. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मान्यता दिली. खर्चाचा अंदाज २,५१६ कोटी रुपये आणि मुदत पाच वर्षे. महाराष्ट्रात या संस्थांना विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था म्हणतात; गावात नुसते 'सोसायटी' म्हटले तरी पुरते. सर्वांसाठी एक समान आज्ञावली, ती स्थानिक भाषेत असावी, आणि सुमारे २०० संस्थांच्या गटामागे जिल्हा पातळीवर साहाय्य मिळावे, असे त्या निर्णयात स्पष्ट म्हटले होते. स्थानिक भाषेचा हा उल्लेख स्तुत्य आहे. परंतु स्थानिक भाषा म्हणजे काय, याचा विचार पडद्यावरील शब्दांपाशी थांबता कामा नये. दोनशे संस्थांनी आठवड्यातून एक एक प्रश्न विचारला, तरी सहा दिवसांच्या आठवड्यात रोज तेहतीसच्या वर प्रश्न येतील; आणि बुलढाणा जिल्ह्यात ते बहुधा वऱ्हाडीतच येतील. 'बंद होऊन राहिलं' याचा अर्थ न कळणारा मनुष्य तेथे बसविला, तर पिंपळगावचा प्रसंग रोज घडेल.

तेथे पणाला लागलेली वस्तूही बियाण्याच्या पावतीहून मोठी आहे. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सवलत मिळते, आणि मुदत हुकली की ती जाते. शेवटच्या दिवशी शेतकरी रोख रक्कम घेऊन सोसायटीत आला आणि पडद्याने नोंद घेतली नाही, तर चूक यंत्राची, शब्दांची की माणसाची हा वाद नंतर होईल; सवलत आधी जाईल.

यावर उपाय म्हणून कोणी नवा परिभाषाकोश सुचवील. प्रस्तुत लेखकाला तो पुरेसा वाटत नाही. परवाना म्हणा, अनुज्ञप्ती म्हणा, लायसन्स म्हणा. शब्द कोणत्या कुळातला हा प्रश्न दुय्यम आहे. त्याची मर्यादा वाचणाऱ्याला समजेल अशी सांगितली आहे की नाही, हा मुख्य प्रश्न आहे. याविरुद्ध असे म्हटले जाते की, न्यायालयात कसाला लागलेला इंग्रजी मजकूर बदलला तर दोन पाठ निर्माण होतील. ही भीती अनाठायी नाही. पण तिच्यावरील तोड आपल्याच देशात आढळते. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची मुदत कर्जे यांसाठी मुख्य तथ्यांचे विवरण देणे बंधनकारक केले, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असे सांगितले. करार तसाच राहिला; त्याच्यापुढे एक वाचनीय पान आले.

आज्ञावलीच्या करारापुढेही असे एक पान असावे. त्यात पाच प्रश्नांची उत्तरे कर्तरी वाक्यांत द्यावीत. हक्क कायमचा की मुदतीचा? तो किती यंत्रांवर चालतो, आणि यंत्र बदलल्यास काय करावयाचे? वार्षिक रक्कम भरली नाही तर काय थांबते आणि काय थांबत नाही? अडचण आल्यास कोण, किती वेळात, कोणत्या भाषेत उत्तर देईल? आणि व्यवहार सोडावयाचा झाल्यास आपली वही आपल्या हाती कशी येईल? हे पान लिहिण्यास विधिज्ञ लागेल, तंत्रज्ञ लागेल आणि बोली जाणणारा भाषाभ्यासकही लागेल. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी हे काम आपले मानावे.

पिंपळगावच्या त्या दुकानात दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे झाले. हिशेबनिसाला सांगितले की, सरेंडर म्हणजे सोडून देणे नव्हे. गुरे एका दावणीची सोडून दुसऱ्या दावणीला बांधतात तसे ते आहे. त्याने जुना संगणक पुन्हा जोडला आणि दहा मिनिटांत काम झाले. मग तो म्हणाला, "हे कालच असं सांगतलं असतं त बरं झालं असतं." या वाक्यात भर घालण्यासारखे काही उरत नाही.